चोकची वायर गरम का व्हायची

पेट्रोल पंपावर इंजिन बंद करावंच लागतं, आणि माझी पंचाईत नेमकी तिथंच व्हायची. घरातून निघताना चावी फिरवायचा अवकाश की सुरू होणारी गाडी, वीसेक किलोमीटर पळून आली की पंपावर सेल्फ मारल्यावर घर्र… म्हणायची, दम खायची, पुन्हा एकदा घर्र… आणि गप्प. मागं दहा-बारा मोटारसायकली, दोन रिक्षा. पंपावरची पोरं न सांगता मागं जाऊन हात लावायची. गेल्या उन्हाळ्यात तर एकानं विचारलंच, “काका, धक्क्याचं पैसं वेगळं लावू काय?”

गाडी म्हणजे महिंद्राची १९७१ सालची एफसी-१५०, पेट्रोलवरची. वडिलांनी ती जुनीच घेतली होती. गुऱ्हाळावरून गुळाचे रवे भरून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात न्यायला वापरायचे. मी शाळेत असताना रव्यांवर पोतं टाकून मागं बसून यायचो. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. जीपचं नाक कापून ड्रायव्हरला पुढच्या चाकांवर नेऊन बसवलं की जे होईल ते. अमेरिकेत विलिस कंपनीनं १९५६ च्या अखेरीस हे मॉडेल आणलं, त्याचा आकार ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरचा. तिकडं १९६५ मध्ये ते बंद झालं, आपल्याकडं मात्र पुढंही निघत राहिलं. इंजिन जीपचंच, चार सिलिंडरचं, साधारण २२०० सीसीचं ‘हरिकेन’. त्याचा इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचा खाली ब्लॉकमध्ये. असली रचना आता कुणी करत नाही.

हे इंजिन केबिनच्या आत, दोन सीटच्या मधोमध, पत्र्याच्या डब्याखाली बसतं. त्या डब्याला आम्ही बोनेटच म्हणतो. थंडीत त्यावर हात शेकायचे, मे महिन्यात डावी मांडी भाजून घ्यायची. गाडी पळत असते तोवर पंखा वारा खेचतो, थोडीफार हवा खेळते. बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि ब्लॉकमधली सगळी उष्णता त्या डब्यात कोंडून बसते. म्हणजे इंजिन बंद केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं डबा गार होत नाही, उलट तापतो. हे मला फार उशिरा कळलं. लक्षणं मात्र आधीपासून तसंच सांगत होती. बंद करून लगेच चावी मारली तर सेल्फ जरा जड पण फिरायचा. चहा पिऊन दहा मिनिटांनी मारली की जवळजवळ मेलेला. दीड-दोन तासांनी आलं की काही झालंच नाही अशा थाटात सुरू.

सल्ला द्यायला कोल्हापुरात माणूस शोधावा लागत नाही. पहिला सल्ला आला इथेनॉलचा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुन्या गाड्यांना ते सोसत नाही, गरम झालं की पाइपात वाफ धरते, वगैरे. आमच्या भागातल्या उसाचंच इथेनॉल आमच्याच गाडीच्या नरड्याशी येतंय, यावर कट्ट्यावर तासभर चर्चा झाली. पण पेट्रोलची वाफ झाली तर सेल्फ छान फिरतो आणि इंजिन पकडत नाही. इथं सेल्फच फिरत नव्हता. दोन्हीला लोक ‘गरम झाली की चालू हुईना’ असंच म्हणतात, म्हणून घोळ होतो. मीही महिनाभर पेट्रोलच्या पाइपाला ओलं फडकं गुंडाळून हिंडलो. चुलत्यांनी तेवढ्यासाठी मला ‘गारपट्टीवाला डॉक्टर’ असं नाव ठेवलं.

मग बॅटरी. ती दोनच वर्षांची होती, तरी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावून बघितली. थोडा फरक पडला, रोग तोच.

मग सेल्फ, म्हणजे चावी मारल्यावर इंजिन फिरवणारी मोटर. शिवाजी उद्यमनगरात एक सेल्फ-डायनामोवाले मामा आहेत, सत्तरीला आलेले. सेल्फ खोलून त्यांनी आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, उजेडात धरला आणि बोटानं दाखवलं. लोखंडाच्या पाठीवर एका बाजूला चांदीसारखा चकाकणारा पट्टा होता. त्याला पेलणारे बुश झिजल्यामुळं आर्मेचर एका अंगाला झुकून आतल्या पोलला घासत होतं. गरम झालं की लोखंड फुगतं, घासणं वाढतं. मला वाटलं, सापडला चोर. मामांनी दोन्ही बुश नवे घातले, कार्बन बदलले, कम्युटेटर लेथवर हलका घासून घेतला, मधल्या खाचा ब्लेडनं साफ केल्या. काम देखणं होतं. आठवडाभर मी खूश होतो. मग पाऊस उघडला, ऊन पडलं, आणि पन्हाळ्याच्या चढावरून आल्यावर वाघबिळाला चहासाठी थांबलो तिथं पुन्हा तेच.

मामांकडं गेलो तर म्हणाले, “सर, सेल्फ चांगला हाय. परत उघडाय लावू नगा मला. मीटर घ्या आन् मोजा.”

मी २८ वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. ओहमचा नियम किती वेळा फळ्यावर लिहिला याची गणती नाही. आणि स्वतःच्या गाडीत बॅटरी, सेल्फ, पेट्रोल असं सगळं बदलून बघितलं, पण मीटर काही लावला नाही. मामांनी हे तोंडावर म्हटलं नाही, तरी चेहऱ्यावर होतं.

मोजलं, तेही आधी चुकीचं. रविवारी सकाळी दारात, गार इंजिनावर. बॅटरीच्या निगेटिव्हपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत, सेल्फ फिरत असताना, ०.९ व्होल्ट. जास्त होतं, पण गाडी सुरू होत होती, म्हणून मी वहीत लिहून सोडून दिलं. मामांना सांगितलं तर हसले. “गार असताना मोजून काय उपेग? ताप उतरल्यावर थर्मामीटर लावल्यागत झालं.”

मग पुतण्याला घेतलं आणि पुढच्या रविवारी गाडी पन्हाळ्याला नेली. येताना वाघबिळाला सावली सोडून मुद्दाम उन्हात लावली, घड्याळ लावून बारा मिनिटं थांबलो. ठिणगीसाठी करंट देणाऱ्या कॉइलची पातळ वायर काढून ठेवली, म्हणजे सेल्फ फिरला तरी इंजिन सुरू व्हायला नको. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड. पुतण्या चावीवर, मी खाली मीटर घेऊन. मीटर २० व्होल्टच्या डीसी रेंजवर. टोक क्लॅम्पला लावायचं नाही, बॅटरीच्या शिशाच्या खुंटालाच टोचायचं, नाहीतर क्लॅम्पचा गंज हिशेबातून निसटतो. सेल्फच्या बॉडीवरही रंग खरवडून चकचकीत धातूवर.

“मार!”

घर्र… घर्र… असं चारदा केलं. प्रत्येक वेळी पाचेक सेकंद, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, नाहीतर सेल्फच जाळून बसायचो. वहीत आलेले आकडे असे: बॅटरीच्या दोन खुंटांत १०.९ व्होल्ट. सेल्फचा बोल्ट आणि त्याची बॉडी यांत फक्त ७.९. म्हणजे ३ व्होल्ट वाटेत गडप. पॉझिटिव्ह केबलमध्ये ०.६, सोलेनॉइडमध्ये, म्हणजे सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचमध्ये, ०.३, आणि परतीच्या वाटेत, अर्थिंगमध्ये, २.१.

अर्थिंगचा आकडा बघून मी रस्त्याकडेला बसकण मारली. जाणाऱ्या वाटेवर सगळे डोळे लावून बसतात, लाल केबल बघतात, बॅटरी बघतात. परतीच्या वाटेकडं कोण बघतो? पॉझिटिव्ह बाजूला अर्धा व्होल्ट आणि अर्थिंगला ०.२ पर्यंत, एवढं गेलेलं चालतं असं मामांनी सांगितलं होतं. आणि आमच्याकडं दहापट.

तेवढ्यात पुतण्या वरून ओरडला, “काका, चोक किती गरम हाय हे!”

चोक म्हणजे गार इंजिन सुरू करताना डॅशबोर्डवरून ओढायचा दट्ट्या, त्याची तार नळीतून कार्बुरेटरपर्यंत जाते. आता या चोकची एक वेगळीच कथा होती. गेल्या चार वर्षांत चोकची वायर दोनदा जाम झाली होती आणि दोनदा नवी घातली होती. नळीतली तार आत कडक होऊन बसायची, ओढता यायची नाही. मी ते नशिबाचं समजत होतो. वर चढून बोट लावलं. कार्बुरेटरकडं जाणारी ती स्टीलची गुंडाळी नळी चटका बसेल इतकी तापली होती, आणि डॅशबोर्डकडचं टोकही तसंच. इंजिनाच्या उष्णतेनं डॅशबोर्डचं टोक कशाला तापेल?

इंजिन रबरच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिनापासून चेसिसला एक जाड अर्थिंगची पट्टी असते, सेल्फ ओढतो तो सगळा करंट त्या पट्टीनं बॅटरीकडं परत जातो. ती पट्टी कमजोर झाली की करंट दुसरी वाट शोधतो. ॲक्सिलरेटरचे सांधे, सायलेन्सरचा हूक, आणि चोकची वायर. इंजिनाला आणि बॉडीला जोडणारं जे काही धातूचं आहे ते सगळं. दोन नव्या चोक वायरी मी त्या करंटाला चारल्या होत्या.

गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सच्या कडेला अर्थिंग होती, नाही असं नाही. पण ती मूळची विणलेली तांब्याची चपटी पट्टी नव्हतीच. बोटाएवढीही जाड नसलेली काळी वायर, दोन्ही टोकांना पक्कडीनं चेपलेले लग (बोल्टमध्ये अडकवायची धातूची टोकं), आणि चेसिसकडचा बोल्ट सरळ रंगावर आवळलेला. चार वर्षांपूर्वी क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवला होता, तेव्हा कुणीतरी जुनी पट्टी हरवली आणि हाताला आली ती वायर लावून टाकली. क्लचचं बिल अजून माझ्याकडं आहे. त्याच्या तारखेनंतर दोन महिन्यांनी पहिली चोक वायर जाम झाल्याची नोंद त्याच वहीत आहे. दोन्ही नोंदी समोरासमोरच्या पानांवर, आणि मी त्या चार वर्षं उलटत होतो.

घरी वायर काढून लग कापला. आत तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, बोटात घेतल्या की पावडर. शंभरातल्या तीस-चाळीस तारा तरी तुटलेल्या असाव्यात. मामांनी क्लॅम्प मीटरनं सेल्फचा करंट मोजला होता, २०० अँपिअरच्या आसपास. म्हणजे २.१ व्होल्ट गमावायला एका ओहमचा शंभरावा भाग पुरतो. साधा मीटर ओहमवर ठेवून मोजलं असतं तर शून्यच दिसलं असतं, म्हणूनच फिरवत असताना व्होल्ट मोजायचे. आणि २.१ गुणिले २००, म्हणजे ४०० वॅटच्या वर उष्णता त्या वायरीत, त्या लगांत आणि बिचाऱ्या चोकमध्ये. इस्त्रीच्या निम्म्या ताकदीची शेगडी मी दर वेळी पेटवत होतो.

मग गार असताना चालायचं कसं? तांब्याचा विरोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. ३० अंशांवरून १०० अंशांवर गेला की २७ टक्क्यांनी जास्त. सेल्फच्या आतल्या गुंडाळीलाही हे लागू, म्हणजे तोही त्याच वेळी अशक्त झालेला. त्यात ढिला लग तापला की त्याची पकड आणखी सुटते. सकाळी सगळं कसंबसं निभायचं, दुपारी कुठलंच निभायचं नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. उद्यमनगरातून ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल दीड मीटर आणली, लग हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घेतले, वर डाग दिला. एक केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट सेल्फच्या फाउंडेशन बोल्टला, दुसरी इंजिनापासून चेसिसला. चेसिसचा रंग पॉलिश पेपरनं पांढरा धातू दिसेपर्यंत घासला, दातेरी वायसर घातला, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून मग आवळणारेही बघितलेत मी. सेल्फ जोरात फिरायला लागला. पण गरम असताना कधीकधी अजूनही मध्येच अडकायचा. आधीसारखा थकून नाही, कुणीतरी समोरून छातीवर हात ठेवून थांबवावं तसा. घर्र-ठक्. घर्र-ठक्.

हा आवाज मला ओळखीचा वाटला, आणि आठवायला दोन दिवस गेले. वडील जुन्या जीपला हँडल मारायचे तेव्हा मला शिकवायचे की अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडलनं उलट झटका मारला तर हात निसटून जातो, अंगठा अडकला तर मोडतो. त्यांच्या एका मित्राचा मोडलेला मी बघितला होता. हँडल उलट झटका का मारतं? ठिणगी फार लवकर पडली की पिस्टन वर पोचायच्या आधीच आतला जाळ त्याला खाली ढकलतो. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, फार ॲडव्हान्स.

खात्री करायची युक्ती सोपी निघाली. गरम गाडीवर कॉइलची वायर काढून सेल्फ मारला तर एकसारखा, मोकळा फिरला. वायर जोडून मारला तर ठक्. वाघबिळाला मी कॉइल काढूनच मोजलं होतं, म्हणून ही भानगड तेव्हा दिसलीच नव्हती.

या इंजिनाचं टायमिंग टीडीसीच्या, म्हणजे पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेच्या, आधी ५ अंश असायला हवं. पुढच्या पुलीवरची खाच आणि कव्हरवरच्या खुणा ग्रीस-मातीच्या थराखाली गाडल्या गेल्या होत्या. रॉकेलनं धुऊन, तारेच्या ब्रशनं घासून, खडूनं पांढऱ्या केल्या. टायमिंग लाइट लावली तर खाच कुठल्या कुठं, माझ्या अंदाजानं १४-१५ अंशांवर. चढावर ओढ कमी वाटते म्हणून मीच एका मिस्त्रीकडून डेल्को, म्हणजे ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, ‘थोडा’ फिरवून घेतला होता, कानानं. मिस्त्रीचा दोष नाही, त्यानं विचारलं होतं, “अजून?” आणि मी म्हणालो होतो, “अजून थोडा.”

गरम असतानाच का ठोका बसायचा, तर तापलेल्या सिलिंडरात मिश्रण पटकन पेटतं. शिवाय सेल्फ सावकाश फिरत असला की ठिणगी पडल्यावर पिस्टनला वर पोचायला उशीर होतो आणि जाळाला जोर धरायला वेळ मिळतो. जोरात फिरत असला की पिस्टन बहुतेक वेळा वरून निसटून जातो, म्हणून नव्या केबलनंतर ठोका कधीकधीच बसायचा. म्हणजे खराब अर्थिंगनं सेल्फ मंद केला, मंद सेल्फनं चुकीच्या टायमिंगला जोर दिला. एकानं दुसऱ्याला झाकलं असं म्हणा किंवा हात दिला म्हणा.

आधी डेल्कोतल्या पॉइंटचा गॅप फिलर गेजनं ०.०२० इंच केला. हे पहिल्यांदा करायचं, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकतं. उलट्या क्रमानं केलं तर काम दुप्पट होतं, मी केलं. मग डेल्को सैल करून, लाइट बघत, ५ अंशांवर आणून आवळला. चढावर ओढ कमी झाली का? किंचित. तिसऱ्या गिअरऐवजी दुसरा टाकावा लागतो एका वळणावर. पन्नाशी उलटलेल्या गाडीला तेवढं चालतंय.

पुन्हा वाघबीळ, पुन्हा ऊन, पुन्हा बारा मिनिटं. पुतण्या कंटाळून ऊस चघळत बसला होता. बॅटरी १०.७, सेल्फवर ९.९. अर्थिंग ०.२, पॉझिटिव्ह केबल टोकं घासल्यावर ०.४, सोलेनॉइड ०.२. चोकला बोट लावलं. बोनेटच्या उबेएवढाच कोमट. कॉइलची वायर जोडली, चावी फिरवली. एक घर्र पुरा व्हायच्या आत इंजिन पकडलं.

येताना पंपावर टाकी भरली. पैसे देऊन वळलो तर दोन पोरं सवयीनं मागं जाऊन फळीला हात लावून उभी. मी सेल्फ मारला, गाडी सुरू झाली, आणि त्यांना ओरडून सांगावं लागलं की सोडा, सोडा, पुढं गिअर टाकायचाय.